लोकीची शिल्लक

कॅलिफोर्नियातल्या टस्टिन या गावात लोकी सॉफ्टवेअर नावाची एक कंपनी होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये ती सुरू झाली आणि जानेवारी २००२ मध्ये बंद पडली. विंडोजसाठी लिहिलेले गेम रीतसर परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे, खोक्यात घालून विकायचे आणि विकल्यानंतर त्यांची देखभालही करायची, हा तिचा धंदा. धंदा म्हणून तो बसला नाही. तरीही इतक्या वर्षांनी तिच्यासाठी श्रद्धांजलीचे चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण ज्या प्रश्नाशी ती झगडली तो प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जातोय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी पीसी त्या यादीत बसत नाहीत. अशा पीसीचा मालक लिनक्सकडे वळायचं ठरवतो तेव्हा ब्राउझर, ईमेल, मराठी टायपिंग याची त्याला फारशी धास्ती नसते. घरातल्या मुलाचा, किंवा त्याचा स्वतःचाही, पहिला सवाल असतो: गेम चालतील का? हा सवाल गंभीरपणे घेऊन त्यावर सगळं पणाला लावणारी पहिली कंपनी लोकी.

तिच्याआधी लिनक्सवर गेम नव्हतेच असं नाही. इड सॉफ्टवेअरच्या डेव्ह टेलरने १९९४ मध्येच ‘डूम’ लिनक्सवर आणला होता. पण ती एका प्रोग्रामरची हौस होती. इंटरनेटवरून फाइल उतरवून घ्या, चालली तर चालली. अडलात तर तुमचं तुम्ही बघा. दुकानात जाऊन लिनक्सचा गेम विकत मागावा, ही कल्पना क्वचितच कुणाच्या डोक्यात आली असेल.

त्या काळात आपल्याकडे लिनक्स पोचलं ते बहुतेकांच्या हाती ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत आलेल्या सीडीतून. पार्टिशन पाडताना छाती धडधडायची, कारण घरात एकच कॉम्प्युटर असायचा आणि त्यावर सगळ्यांचं काहीतरी असायचं. इन्स्टॉल झालं की पीसी चालू होताना लिलो हा छोटा प्रोग्राम विचारायचा, कुठं जायचं, लिनक्स की विंडोज. इंटरनेटसाठी बसवलेला स्वस्त मोडेम बहुधा विंडोजपुरताच बनवलेला निघायचा. साउंड कार्ड बोलतं करायला एक संध्याकाळ जायची. एवढं सगळं जमवून आणलं तरी गेम खेळायचा म्हटलं की चालू काम बंद करा, मशीन रीस्टार्ट करा आणि विंडोज ९८ मध्ये जा. लिनक्स वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हार्डडिस्कवर विंडोजचं एक पार्टिशन जपून ठेवलेलं असे आणि ते बहुतेकदा गेमसाठीच असे. लोकीच्या नशिबात या पार्टिशनचा मोठा हात आहे. त्याकडे पुढे येतोच.

लोकी काढली स्कॉट ड्रेकर यांनी. ते पेशाने वकील. गेमच्या प्रकाशकांकडे जायचं, लिनक्ससाठीचे हक्क मागायचे, सोर्स कोड हाती घ्यायचा आणि आपल्या माणसांकडून तो लिनक्सवर पोर्ट करून घ्यायचा, असं त्यांचं गणित होतं. पहिला गेम आला मे १९९९ मध्ये, अ‍ॅक्टिव्हिजनचा ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’. विंडोजवर तो येऊन फार दिवस झाले नव्हते. पाठोपाठ ‘मिथ २’, ‘रेलरोड टायकून २’, ‘हेरेटिक २’, ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’, ‘क्वेक ३ अरीना’ आले. मग ‘हेवी गियर २’, ‘सिमसिटी ३०००’, ‘सोल्जर ऑफ फॉर्च्यून’, ‘डिसेंट ३’, ‘अल्फा सेंटॉरी’, ‘रून’ आणि ‘ट्राइब्स २’. तीनेक वर्षांत वीसच्या आसपास गेम. एवढ्या लहान कंपनीच्या मानाने हा झपाटा थक्क करणारा आहे. पोर्टिंग म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तर अधिकच.

विंडोजचा गेम पडद्यावर चित्र काढताना, आवाज काढताना, कीबोर्ड आणि जॉयस्टिक वाचताना मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सशी बोलत असतो. लिनक्सवर डायरेक्टएक्स नाही. तेव्हा गेमच्या लाखो ओळींमध्ये जिथं जिथं असा संवाद आहे ती जागा हुडकायची आणि तिथं दुसरी व्यवस्था लावायची. ती व्यवस्था तरी धड कुठं होती? खिडकी उघडायला एक्स विंडो सिस्टीम, त्रिमितीय चित्रांसाठी मेसा किंवा थ्रीडीएफएक्सच्या वूडू कार्डांची स्वतःची पद्धत, आवाजासाठी आणखी वेगळं. प्रत्येकाच्या मशीनवर या सगळ्याची जुळणी निराळी. एखादा गेम तुमच्याकडे चालला म्हणून शेजाऱ्याकडे चालेलच याची खात्री नसे.

इथं सॅम लँटिंगा यांचं नाव घ्यायला हवं. ते लोकीचे प्रमुख प्रोग्रामर. सिंपल डायरेक्टमीडिया लेयर, म्हणजे एसडीएल, ही लायब्ररी त्यांनी १९९८ मध्ये लिहायला घेतली होती. तिची कल्पना सुटसुटीत आहे. खिडकी, चित्र, आवाज, माऊस, कीबोर्ड, जॉयस्टिक या सगळ्यांसाठी प्रोग्रामरने एसडीएलला सांगावं, खाली लिनक्स आहे की विंडोज की मॅक हे एसडीएलने बघून घ्यावं. लोकीने आपले गेम तिच्यावर उभे केले आणि तसं करताना तिला घडवलं. एखाद्या गेममध्ये काही अडलं की दुरुस्ती लायब्ररीत व्हायची, आणि मग ती सगळ्यांचीच व्हायची. आवाज कुठल्या दिशेने येतोय हे खेळणाऱ्याला कळावं म्हणून लोकीने ओपनएएल सुरू केलं, पुढे क्रिएटिव्ह कंपनी त्यात आली. गेममधल्या चित्रफिती चालवायला एसएमपेग केलं. लिनक्सवर प्रोग्राम टाकणं सामान्य माणसाला जमावं म्हणून इन्स्टॉलरही बनवला.

हे सगळं लोकीने मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकलं. कंपनीच्या हातात विकण्याजोगी मोलाची एकच गोष्ट होती, ती म्हणजे पोर्टिंगचं कसब. त्या कसबातला सगळ्यात उपयोगी भाग तिने फुकट वाटला. हिशेबाच्या नजरेने कुणी याला अव्यवहारीपणा म्हणेल. मला मात्र लोकीचा सगळा मोठेपणा इथंच दिसतो, कारण तिच्या पश्चात जे जगलं ते नेमकं हेच.

गिऱ्हाइकाशी वागायची तिची रीतही वेगळी होती. गेममधल्या चुका नोंदवायला तिने सगळ्यांसाठी खुली व्यवस्था ठेवली होती. तिचं नाव फेनरिस, नॉर्स पुराणातल्या लोकी देवाच्या लांडगा-पुत्रावरून घेतलेलं. आपल्या तक्रारीचं काय झालं, ती कुणाकडे आहे, दुरुस्ती कधी मिळेल, हे पैसे मोजलेल्या माणसाला डोळ्यांनी पाहता येई. ऑक्टोबर १९९९ मध्ये अटलांटातल्या लिनक्स मेळाव्यात तिने ‘लोकी हॅक’ भरवलं. निवडक प्रोग्रामरांना ‘कॉल टू पॉवर’चा सोर्स कोड दिला आणि ४८ तासांत त्यात काय बदल करता येतात ते करून दाखवा म्हटलं. व्यापारी गेमचा कोड, गुप्ततेच्या करारावर का होईना, बाहेरच्यांच्या हाती देण्याची हिंमत तेव्हा फारशी कुणाकडे नव्हती. २००१ मध्ये कंपनीतल्या जॉन हॉल यांनी लोकीच्या नावासह ‘प्रोग्रामिंग लिनक्स गेम्स’ हे पुस्तक काढलं. लिनक्सवर गेम कसा लिहायचा हे पायरीपायरीने सांगणारी पुस्तकं तेव्हा विरळाच होती.

मग गाडी अडली कुठं? याचं उत्तर ‘क्वेक ३’च्या खोक्यात आहे.

डिसेंबर १९९९. त्याच महिन्यात व्हीए लिनक्स या कंपनीचा शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३० डॉलरवरून २३९ डॉलरवर गेला. लिनक्स या नावावर तेव्हा पैसा अक्षरशः कोसळत होता. त्याच महिन्यात लोकीने ‘क्वेक ३ अरीना’ची लिनक्स आवृत्ती पत्र्याच्या देखण्या डब्यात घालून बाजारात आणली. त्या वर्षी सगळ्यांना हवा असलेला गेम, आणि तोही अधिकृत, लिनक्सवर. विकला जायला हवा होता. पण विंडोजचा खोका आधी दुकानात आला. आणि विंडोजचा खोका घेतलेल्याला लिनक्सवर चालणारी फाइल इड सॉफ्टवेअरकडून इंटरनेटवर मोफत मिळत होती. लिनक्सवाल्याकडे विंडोजचं पार्टिशन होतंच. मग त्याने आणखी थांबावं कशासाठी? त्याने विंडोजचा खोका घेतला, हवं तेव्हा इथं खेळला, हवं तेव्हा तिथं. विक्रीच्या आकड्यांत तो विंडोजचा गिऱ्हाईक म्हणून मोजला गेला.

लोकीचं दुखणं ते हेच. ज्याच्यासाठी ती राबत होती त्या माणसाला तिच्यावाचून अडत नव्हतं. ड्युअल बूटमुळे, म्हणजे एकाच पीसीवर दोन्ही ठेवता आल्यामुळे, लोक लिनक्सकडे यायला धजावले हे खरं, आणि त्याच ड्युअल बूटने लिनक्सच्या गेमांची बाजारपेठ उभी राहू दिली नाही हेही खरं. विंडोजवर गेम येऊन काही महिने झाले की त्याची किंमत उतरते. तोपर्यंत लोकीचा खोका पूर्ण किमतीला येई, कारण प्रकाशकाला हक्कांचे पैसे द्यायचेच असत आणि लिनक्सच्या थोड्या गिऱ्हाइकांवर ते वसूल करायचे असत. कुणी तत्त्वासाठी दुप्पट मोजत. असे लोक होते, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या संख्येवर कंपनीचे पगार निघणं शक्य नव्हतं. आपल्याकडे तर लोकीला गिऱ्हाईक मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. अमेरिकेतल्या खोक्याची डॉलरमधली किंमत मध्यमवर्गीय घराला झेपण्यासारखी नव्हती, आणि गेमची सीडी मित्राकडून कॉपी करून घ्यायची असते अशीच तेव्हाची समजूत होती.

मार्च २००० नंतर डॉट-कॉमचा बाजार बसला. लिनक्सच्या नावावर पैसे लावणारे परतले. ऑगस्ट २००१ मध्ये लोकीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं. याच सुमाराची एक गोष्ट मनाला लागते. ‘ट्राइब्स २’ विंडोजनंतर काही आठवड्यांतच लिनक्सवर आला होता. म्हणजे ज्या उशिराने ‘क्वेक ३’ला मारलं तो उशीर लोकीच्या माणसांनी जवळजवळ मिटवत आणला होता. काम जमू लागलं आणि पैसा संपला.

कंपनी मिटली, माणसं पांगली. रायन गॉर्डन त्यांतलेच एक. पुढची अनेक वर्षं लिनक्सवर कुठलाही मोठा गेम आला की पोर्ट करणाऱ्याच्या जागी बहुधा त्यांचंच नाव दिसे. ‘अनरियल टूर्नामेंट २००४’ त्यांचाच. एका कंपनीचं काम एक माणूस घरी बसून करत होता असं म्हटलं तर ते फार चुकीचं होणार नाही. इंग्लंडमध्ये लिनक्स गेम पब्लिशिंग निघाली. लोकीच्याच वाटेने चालली आणि तिलाही तोच चढ लागला. कॅनडाच्या ट्रान्सगेमिंगने दुसरी वाट धरली. पोर्ट करायचंच नाही, वाइनच्या आधाराने विंडोजचाच गेम लिनक्सवर चालवायचा आणि त्यासाठी महिन्याची वर्गणी घ्यायची. लोकीवर प्रेम करणाऱ्यांना तेव्हा हे रुचलं नाही. असं झालं तर लिनक्ससाठी गेम लिहायला कोण बसेल, अशी त्यांची भीती होती. ती भीती खरी ठरली, हे आज कबूल करायला हवं.

लँटिंगा पुढे ब्लिझर्ड या गेम कंपनीत गेले आणि २०१२ मध्ये, स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वमध्ये. त्याच वर्षी व्हॉल्वचे प्रमुख गेब न्यूएल यांनी विंडोज ८ वर जाहीरपणे कडक टीका केली होती. मायक्रोसॉफ्टने उद्या सगळा व्यवहार आपल्याच दुकानातून करायचं ठरवलं तर स्टीमचं काय, ही त्यांची चिंता होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. एसडीएल त्याच्या पोटात होतं. लिनक्सवर चालणारी व्हॉल्वची २०१५ ची स्टीम मशीन आपटली. ऑगस्ट २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं व्हॉल्वचं प्रोटॉन आलं, आणि लिनक्सवर गेम खेळण्याची सगळी तऱ्हाच पालटली. वाइन १९९३ पासून तयार होत होतं. ‘नियर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळता यावा म्हणून फिलिप रेबोले यांनी लिहायला घेतलेलं डीएक्सव्हीके डायरेक्टएक्सचं बोलणं लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत उतरवू लागलं होतं. व्हॉल्वने हे सगळं एकत्र बांधलं, त्यावर पैसे लावले, २०२२ मध्ये हातात धरून खेळायचा स्टीम डेक विकायला आणला. स्टीमच्या ऑक्टोबर २०२५ च्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. लोकीच्या वाट्याला याच्या पासंगालाही पुरेल एवढा बाजार आला नव्हता.

तेव्हा आज विंडोज सोडणाऱ्याला काय सोडावं लागतं? एकट्याने खेळायचे बहुतेक गेम प्रोटॉनवर नीट चालतात, काही तर विंडोजइतक्याच वेगाने. अडतं ते ऑनलाइन स्पर्धेच्या गेमांत. इथल्या गेमिंग कॅफेंत जोरात चालणारा ‘व्हॅलोरंट’ घ्या. त्याचं व्हॅनगार्ड हे फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये जाऊन बसतं. ते लिनक्सवर चालत नाही, म्हणून गेमही चालत नाही. ‘फोर्टनाइट’चं दार बंद आहे. ‘अ‍ॅपेक्स लेजेंड्स’ काही काळ चालत होता, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच्या कंपनीने लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. इथं तांत्रिक अडचण थोडी आणि कंपनीची इच्छा जास्त असते. प्रोटॉनला ही इच्छा पैदा करता येत नाही. लोकी नेमकी ती पैदा करायला प्रकाशकाच्या दारात जाऊन बसत होती. आमच्या गिऱ्हाइकासाठी परवाना द्या, कोड द्या, चुका आम्ही दुरुस्त करू. तो करार असायचा, आणि करारात लिनक्सवाल्याला जागा होती.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोकीचा जुना खोका आज उघडून सीडी घातली तर गेम सहजासहजी चालत नाही. लिनक्सच्या मूळ लायब्ऱ्या बदलत गेल्या, त्या वेळच्या फाइलींना आजच्या यंत्रणेत आधार सापडत नाही, जुन्या लायब्ऱ्या शोधून जोडाव्या लागतात. त्याच गेमची त्याच काळातली विंडोज आवृत्ती मात्र वाइनवर पुष्कळदा कमी कटकटीने चालते. लिनक्ससाठी खास, जीव ओतून केलेलं काम लिनक्सवरच आधी कुजावं, याचं मला फार वाईट वाटतं. नव्याने येणाऱ्याला मी प्रोटॉनच सुचवतो आणि पुढेही तेच सुचवीन. तरी लोकीच्या पोर्टमध्ये जी काळजी होती, आपल्या यंत्रणेचा मान राखून केलेलं जे काम होतं, ते प्रोटॉनमध्ये नाही, असू शकत नाही.

या गेमांपैकी ज्यांचा मूळ कोड खुला झाला ते वाचले. ‘क्वेक ३’चा कोड इडने ऑगस्ट २००५ मध्ये मुक्त परवान्याखाली दिला. त्यावर आयओक्वेक३ हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या नावातलं ‘आयओ’ रायन गॉर्डन यांच्या इक्युलस डॉट ऑर्ग या संकेतस्थळावरून आलं. जुना कोड साफ करताना या मंडळींनी चित्र आणि कीबोर्डसाठी एसडीएल घातलं, आवाजासाठी ओपनएएल. पत्र्याच्या डब्यातला तो गेम आज लिनक्सवर चालतो, मॅकवर चालतो, विंडोजवरही चालतो. ‘डिसेंट ३’चा कोड २०२४ मध्ये खुला झाला, आणि तिथंही हौशी लोक एसडीएलवरच काम करताहेत. ‘अल्फा सेंटॉरी’, ‘हेवी गियर २’, ‘हेरेटिक २’ यांच्या लिनक्स आवृत्त्या मात्र अजून जुन्या सीडींतच अडकून आहेत, आणि सीडी काही कायम टिकत नाहीत. ज्या कुणाकडे, पुण्यात असो की सॅन होजेत, लोकीचा एखादा खोका माळ्यावर पडून असेल, त्याने त्यातल्या डिस्कची प्रत आताच काढून ठेवावी.